पाचावर एक फुकट

२ फेब्रुवारी, सोमवार

परवान्याच्या खिडकीवरची चष्मेवाली म्हणाली, जे जे होईल त्याची नोंद ठेवा. म्हणून येताना ही वही घेतली. पैशांचं सगळं केंद्राच्या वहीत जाईल, इथे माझं मी लिहीन. चौथीनंतर पेन धरलं ते कपड्याला चिठ्ठी टाचण्यापुरतं, तेव्हा अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत. ठेवायला कोणी बघणारही नाही म्हणा.

झालं असं. आमच्या सासूबाई रोज सकाळी म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात जातात आणि संध्याकाळी येतात. जातात म्हणजे जायच्या. खाली फर्निचरचं गोदाम आणि वर दुसऱ्या मजल्यावर केंद्र. महिना झाला, लिफ्टची मोटर जळली. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडून जोडलेलं आहे. सपाटीवर काठी टेकत झक्क चालतात, पण जिना दिसला की संपलं. घरमालक म्हणतो लिफ्ट भाड्यात धरलेली नाही. केंद्र चालवणारी पोरगी म्हणते गल्ल्यात खडखडाट आहे. मग घरोघरच्यांची सभा बोलावली. कोणीतरी म्हणालं, सोडत काढू, तिकिटं विकू, बक्षिसं ठेवू, त्यात मोटर येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात पोरगी म्हणाली, चांगल्या कामासाठी असली तरी सोडतीला परवाना लागतो, नाहीतर त्याला जुगार म्हणतात. परवाना एका माणसाच्या नावावर निघतो, आणि तो माणूस केंद्राचा पगार घेणारा नको.

झालं, सगळे आपापल्या चपला बघायला लागले. बघतायत आपले. माझ्या दुकानात कपड्यांचा ढीग पडलेला, इस्त्रीचं बटण बंद केलं की नाही ते आठवेना, आणि ही माणसं चपला बघतायत. म्हटलं आणा इकडे, कुठे करायची सही.

मला सासूबाईंचा पुळका आलाय असं कोणी समजू नये. त्या घरी बसल्यापासून माझं काम होत नाही. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. आत काठी आपटली की मी इस्त्री उभी करून धावायचं. खिडकी उघड. खिडकी लाव. बाहेर कोण आलं. किती वाजले. अहो आई, मघाशी वाजले होते त्यापेक्षा थोडे जास्त वाजले. मोटर बसली पाहिजे, नाहीतर मी तरी राहीन नाहीतर काठी तरी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

परवाना हातात आला. चष्मेवालीने सगळे नियम वाचून दाखवले. बाई वाईट नाही, पण वाचते अशी की आधी बेरीज करून मग बोलते की काय असं वाटतं. तिकिटावर केंद्राचं नाव, किंमत, सोडतीची तारीख छापायची. लहान मुलांना विकायचं नाही, उधारीवर द्यायचं नाही. परवाना ज्याच्या नावावर, त्याच्या घरातल्या कोणी तिकीट ठेवायचं नाही. पुढेही बरंच होतं. मध्येच थांबून म्हणाली, ऐकताय ना? म्हटलं कान उघडेच आहेत. खरं म्हणजे मी घड्याळाकडे बघत होते, कारण दुकानाला कुलूप होतं. नियमांचा कागद पिशवीत ठेवलाय. वाचीन सवडीने.

तिकिटावर खाली माझं नाव छापणार आहेत. छापलेलं माझं नाव मी एकदाच पाहिलंय, लग्नपत्रिकेत, आणि तेही चुकवलं होतं.

एका तिकिटाची किंमत एका शर्टाच्या इस्त्रीइतकी ठेवली. पहिलं बक्षीस गोदामवाल्याची झुलती खुर्ची. दुसरं, समोरच्या बेकरीवाल्याकडून महिनाभर पाव. तिसरं माझ्याकडून महिनाभर इस्त्री.

सासूबाईंना सांगितलं, आपल्या घरातल्यांना तिकीट चालत नाही. म्हणाल्या, मला खुर्ची घेऊन कुठे झुलायचंय. मग म्हणाल्या, मोटर कधी बसेल? म्हटलं आज कुठे परवाना मिळालाय, उद्या कशी बसेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

तिकिटं छापून आली. पहिलं गिऱ्हाईक घड्याळजी.

हे मागच्या गल्लीत एकटेच राहतात. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आता केंद्रात सासूबाईंबरोबर पत्ते खेळतात. खेळायचे. पाय ठणठणीत आहेत, दोन मजले धापही न लागता चढतात, पण लिफ्ट बंद पडल्यापासून केंद्रात जात नाहीत. का, तर म्हणे मन लागत नाही. मन लागायला ती काय शाळा आहे.

हल्ली रोज सकाळी दुकानात येतात. रोज एक शर्ट. एकच. तो घेऊन बाकावर बसतात आणि मी इस्त्री करीपर्यंत पडद्याकडे बघत असतात. मी म्हटलं, अहो, आठवड्याचे सगळे एकदम आणा ना, पाच कपड्यांवर सहावा फुकट, पाटी लावलीय की. तर म्हणतात, नको, एकेकच बरा. विक्षिप्त माणूस आहे. बरं, एवढं पत्त्यांचं वेड आहे तर आत जाऊन खेळा म्हटलं, आई बसल्याच आहेत. त्यांचे कान लाल झाले. घरात नको, घरात कशाला. आत जाऊन सासूबाईंना म्हटलं बोलावू का, तर त्याही तेच. घरात नको.

मग घड्याळजी म्हणाले, त्यांना एवढा निरोप द्या, बदामाची राणी नसली की डाव लागत नाही. मी आत जाऊन दिला. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, सांग, राणीला चार दिवस दम धरायला सांगितलंय. मी बाहेर येऊन सांगितलं. ते एवढे हसले की बाक हलला. मला पत्त्यांतलं काही कळत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तिकिटं हलेनात. गिऱ्हाईक म्हणतं बघू, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला म्हणजे कधीच नाही, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही. विचार केला, जे शर्टांना चालतं ते तिकिटांना का चालू नये. पाटीवर खडूने लिहिलं, तिकिटांवरही पाचावर एक फुकट. फुकटची वेगळी गड्डी काढून रबर लावून ठेवली, गोंधळ नको म्हणून. दुपारपर्यंत पाटीपुढे रांग. बेकरीवाल्याने स्वतः दहा घेतली आणि दोन फुकटची खिशात घातली, तीही मिशीत हसत.

घड्याळजींनी तीस घेतली. त्यांना सहा फुकट गेली. म्हटलं लिफ्टची एवढी कळकळ असलेला माणूस मी पाहिला नाही. जाताना त्यांनी पत्त्यांचा एक कॅट दिला, रबर लावलेला. बाईंना द्या, हात चालू राहायला हवा. मी आत नेऊन दिला. सासूबाईंनी लगेच उशीखाली सरकवला, पिसलासुद्धा नाही.

त्यांचं काहीतरी बिनसलंय. काल आरसा मागितला, केस विंचरले, नंतर निळी शाल इस्त्री करून मागितली. घरात बसून इस्त्रीची शाल. आमच्या ह्यांना सांगितलं की आईंचं डोकं चालत नाही हल्ली. ते मीटर वाचायच्या कामावरून दमून आले होते, टॉवेलात तोंड घालून बराच वेळ पुसत बसले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझी बोलती बंद झाली. असं कधी होत नाही, म्हणून लिहून ठेवते.

विक्रीचा मधला आकडा कळवायला परवान्याच्या खिडकीवर गेले. छाती फुगवूनच गेले. चष्मेवाली म्हणाली, छान विक्री झाली की. म्हटलं होणारच, पाचावर एक फुकट ठेवलंय. तिने पेन खाली ठेवलं. मला वाटलं शाई संपली.

मग समजावून सांगितलं. सोडतीत प्रत्येक तिकिटाची किंमत सारखीच असावी लागते. एकाने पाच तिकिटांच्या पैशांत सहा वेळा नशीब आजमावायचं आणि दुसऱ्याने एकाच्या पैशांत एकदाच, हे चालत नाही. कागदावर आहे, चौथ्या कलमात. तो कागद माझ्या पिशवीत होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. मी म्हटलं, शर्टांना चालतं. ती म्हणाली, शर्टांची सोडत काढत नाही ना आपण. आवाज न चढवता म्हणाली. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

आता असं ठरलंय. फुकट दिलेलं प्रत्येक तिकीट सोडतीआधी परत आलं पाहिजे, नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याने पैसे भरून त्यावर इथला शिक्का मारून घ्यायचा. तिकीट समोर पाहिजे, नुसते पैसे चालणार नाहीत. एक जरी बाहेर राहिलं तरी परवाना रद्द, सगळ्यांचे पैसे परत, आणि केंद्राला वर्षभर दुसरी सोडत नाही. म्हटलं फुकटच्यांचे पैसे मीच भरते. नाही. परवानेवाल्याने भरणं म्हणजे तुम्हीच खेळणं.

वर्षभर. सासूबाई आता खुब्यासकट ऐंशीच्या आहेत. वर्षभर भिंतीकडे बघत बसवायचं का त्यांना. आणि काठी माझ्या डोक्यात. म्हणजे मला कामाच्या दृष्टीने म्हणायचंय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दारोदार फिरतेय. नावं आठवत नाहीत, पण कपडे आठवतात. पिवळ्या पडद्यांवाली, जिचा नवरा कॉलर चावतो ती, सहा पांढरे कोट देणारा दातांचा डॉक्टर. डॉक्टरने लगेच पैसे भरले. पिवळ्या पडद्यांवालीने फुकटचं तिकीट जावेला दिलं होतं. जावेशी बोलणं बंद आहे, म्हणून मी मध्ये उभी राहून दोघींचं बोलणं करून दिलं. एकीने तर तिकीट पुस्तकात खूण म्हणून ठेवलं होतं आणि कुठलं पुस्तक ते आठवेना. तिची सगळी पुस्तकं मी झटकली, एकही वाचलेलं दिसलं नाही.

बेकरीवाला म्हणाला, दिलेलं परत मागतात का. मी म्हटलं तुझ्या ॲप्रनवरचे डाग मी कोणाला सांगत नाही, ते कशाचे असतात ते. दोन्ही तिकिटं काढून दिली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळी आली. घड्याळजींची सहा सोडून.

आधी वाटलं सोपं काम आहे. सकाळी नेहमीसारखे एक शर्ट घेऊन आले. मी सगळं सांगितलं. ते लगेच पाकीट काढायला लागले, पैसे भरतो म्हणाले. म्हटलं पैसे नंतर, आधी तिकिटं दाखवा, शिक्का मारायचाय. तर हात पाकिटातच राहिला. माझ्याकडे नाहीत. मग कोणाकडे आहेत? दिली एका व्यक्तीला. मग मागून घ्या. नाही मागता येणार. अहो, का नाही? दिलेली वस्तू आहे, म्हणाले. तुम्ही नाव सांगा, मी मागते, मला लाज नाही. नाव नाही सांगणार.

एवढा सरळ माणूस आणि खांबासारखा उभा. मी पुष्कळ बोलले. तुमच्या सहा कागदांपायी मोटर जाणार, केंद्र बसणार, म्हाताऱ्या माणसांना घरात कोंडून ठेवणार तुम्ही. शेवटचं बोलले तेव्हा ते बाकावर बसले, आणि शर्ट तसाच टाकून निघून गेले.

दुपारी जेवताना घरात तोंडसुख घेतलं. म्हटलं, हा पत्तेवाला वरून साधा दिसतो, पण आतून भलताच आहे. उद्या त्याचं नाव खिडकीवर देणार, तेव्हा बोलेल. हे ताटात बघत राहिले. सासूबाईंनी घास खाली ठेवला. नंतर पाणी प्यायल्या आणि आतल्या खाटेवर गेल्या.

मी दुकानात इस्त्री तापवत होते, तेवढ्यात काठी वाजली. एकदाच. नेहमी तीनदा वाजते. आत गेले तर त्या उठून बसलेल्या, मांडीवर पत्त्यांचा कॅट, वर सहा तिकिटं, कडा जुळवून ठेवलेली.

"घे. माझ्याकडे होती."

"तुमच्याकडे कशी आली?"

"तूच आणून दिलीस. पत्त्यांच्या मध्ये होती."

मी खाटेच्या कडेवर बसले. म्हटलं, आई, घरातल्यांना चालत नाही हे मी सांगितलं होतं ना तुम्हाला. बक्षीस लागलं असतं तरी मिळालं नसतं.

"बक्षीस कोणाला हवं होतं गं?"

मग ठेवलीत कशाला, म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी इस्त्री झालेल्या कपड्यावर पुन्हा पाणी मारणाऱ्या नवशिक्याकडे बघेन. मग म्हणाल्या, "त्यांचं नाव नको देऊस खिडकीवर. त्यांना चारचौघांत बोललेलं सोसत नाही."

बक्षीस नको तर तिकीट कशाला ठेवायचं, हे मला अजून कळलेलं नाही. पण घड्याळजींचा शर्ट मी संध्याकाळी स्वतः त्यांच्या दारात नेऊन दिला. खळ घालून. पैसे घेतले नाहीत.

२ मार्च, सोमवार

चष्मेवालीने तिकिटं मोजून घेतली. शेवटच्या सहांपाशी थांबून म्हणाली, ही कोणाकडे होती? म्हटलं माझ्याच घरात. माझ्या हातूनच आत गेली, मला कळलं नाही. विकत घेतलेली? नाही. घरातल्या कोणाकडे? म्हटलं, बाई, रद्द करा आणि मला ओरडायचं असेल तर ओरडा, नाव मी देणार नाही. ती चष्म्यावरून बघत राहिली. मी पण बघत राहिले. मग तिने सहाच्या सहा तिकिटांवर रद्द असा शिक्का मारला आणि परवाना चालू असल्याचं लिहून दिलं. मात्र सोडतीच्या दिवशी किती तिकिटं रद्द झाली आणि का, हे मी सगळ्यांपुढे सांगायचं. तेही कलमातच आहे.

निघताना आठवलं. सकाळी सासूबाईंनी विचारलं होतं, झाल्यावर ती परत मिळतील का. मला सांगायची लाज वाटली, रद्द झालेली तिकिटं कोणी मागतं का. तरी विचारलं. चष्मेवालीने नियमांचं पुस्तक काढलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "रद्द झालेलं तिकीट कोणी जपून ठेवायचं नाही, असं कुठे लिहिलेलं नाही." आणि खिडकीतून सहाही पुढे सरकवली.

घरी आणून दिली. पुन्हा उशीखाली गेली.

८ मार्च, रविवार

सोडत झाली. गोदामापुढच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. सासूबाई निळी शाल घेऊन, काठी टेकत, चालत आल्या. चष्मेवाली चिठ्ठ्या काढायला. आधी मी उभी राहिले आणि सांगितलं, की पाचावर एक फुकट दिलं ते चुकलं, दुकानदाराचं डोकं आहे, नियम वाचला नव्हता. लोक हसले, मी म्हटलं हसा, पण हसताना मोटरचे पैसे जमले हेही ऐका. तेव्हा टाळ्या वाजल्या.

झुलती खुर्ची लागली दातांच्या डॉक्टरला. महिनाभर पाव लागले खुद्द बेकरीवाल्याला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आपलेच पाव आपल्याला लागलेले. माझी इस्त्री जिला लागली, तिच्या घरात सातजण आहेत. कर्म माझं.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. दुसऱ्या ओळीत सासूबाई, मग एक खुर्ची रिकामी, मग घड्याळजी. बोलून बोलून माझे पाय दुखत होते, त्या रिकाम्या खुर्चीवर बसायला निघाले. तर ह्यांनी माझं कोपर धरून मागे ओढलं. म्हणाले, इथे उभी राहा, वारा छान येतोय. वाऱ्याचा पत्ता नव्हता. मी वळून काहीतरी बोलणार, तर ती खुर्ची रिकामी राहिलीच नव्हती. घड्याळजी सरकले होते. सासूबाई सरळ पुढे बघत होत्या, आणि त्यांची काठी घड्याळजींच्या हातात होती. त्यांनी धरायला दिलेली. आम्हाला आजवर कोणालाही ती काठी हातात घेऊ दिलेली नाही.

मी उभीच राहिले. कपड्यावरचा डाग मी दुकानाच्या दारातून ओळखते, कशाचा आहे आणि किती जुना आहे तेसुद्धा. आणि महिनाभर स्वतःच्या तोंडाने निरोप नेत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?" ह्यांना विचारलं.

"आईने आरसा मागितला तेव्हापासून."

"मग मला नाही सांगायचं?"

"तू निरोप इतके चोख पोचवत होतीस," म्हणाले, "मध्ये कशाला पडायचं."

घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. मग वाटलं लोक काय म्हणतील. मग वाटलं लोकांच्या कपड्यांवरचे डाग मी रोज बघते, लोकांनी मला काय सांगायचं. मग सासूबाईंना चहा करून दिला. त्यांनी विचारलं, साखर जास्त कशी? म्हटलं हात सुटला.

२७ मार्च, शुक्रवार

मोटर बसली. आज पहिला दिवस, म्हणून दुकान अर्धा तास बंद ठेवून मी सासूबाईंना पोचवायला गेले. लिफ्ट चालते की नाही बघायला नको? परवाना माझ्या नावावर होता.

घड्याळजी लिफ्टच्या दाराशी आधीच उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात पत्ते. मला बघून गडबडले, नमस्कार केला, मग दार धरून उभे राहिले. सासूबाई काठी टेकत आत गेल्या. त्यांच्या मागून घड्याळजी. आत पाटी होती, तीन माणसांसाठी. म्हटलं बरोबर तिघंच आहोत, आणि पाय आत टाकला.

सासूबाईंनी काठी आडवी धरली.

"तू जिन्याने ये," म्हणाल्या.

दार लागलं. आत कोणीतरी काहीतरी बोललं आणि दोघं हसली, ते लिफ्टबरोबर वर वर गेलं. दुकान बंद होतं, सात माणसांचे कपडे पडले होते, इस्त्रीचं बटण बंद केलं की नाही आठवत नव्हतं. मी जिन्याने गेले. अजिबात घाई केली नाही.